झाकण लागलेलंच होतं

आधीच सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. भूत, भानामती, अंगात येणं, कुणाची सावली पडणं... यातलं काहीही मी आजवर मानलेलं नाही, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही मानणार नाहीये. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, श्राद्ध नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. लहानपणी आम्ही भावंडं ओढ्याकाठच्या चिंचेखाली मुद्दाम अमावस्येला जायचो. का, तर त्या दिवशी भीतीनं दुसरं कुणी फिरकायचं नाही आणि सगळ्या चिंचा आमच्या! असल्या घरातली मी.

या ग्रुपवर तीनेक वर्षं नुसती वाचतेय. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला पैंजणांचा आवाज... वाचते आणि हसते. रागावू नका. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची. फक्त माझ्या गोष्टीत पैंजण नाहीत. स्टीलच्या डब्याचं झाकण आहे.

आमचं घर शिरगावच्या अलीकडे, रस्ता सोडून आत. चार खोल्या, वर स्लॅबची गच्ची. भाऊ लोणावळ्याला एका हॉटेलात वॉचमन आहे, सुट्टी मिळेल तेव्हा येतो. एरवी घरात मी आणि वहिनी. मी नववी पास. तळेगावच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. म्हणजे काय, तर समोर आलेला पार्ट मोजायचा, निरखायचा आणि लेबल बांधायचं. हिरवं म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. आणि पिवळं म्हणजे होल्ड. ज्या पार्टबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही, तो होल्ड. पिवळ्या लेबलवर दोन सह्या लागतात आणि खाली एक रकाना असतो – कारण.

या पिवळ्या लेबलावरून माझं एकदा वाजलंय. महिनाअखेर होती, माल सुटायचा होता. साहेब म्हणाले, "शकुंतलाबाई, तेवढं पिवळ्याचं हिरवं करा की." म्हटलं, "साहेब, खात्री नाही." म्हणाले, "मग लाल करा, पण विषय संपवा." म्हटलं, "त्याचीपण खात्री नाही." दुसऱ्या दिवसापासून मला पॅकिंगला टाकलं... वर्षभर खोकी चिकटवली. तो माल चांगला होता की खराब, तुम्ही विचाराल. मला आजही माहीत नाही. म्हणूनच तर पिवळं होतं!

असो. रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, मी दुर्बीण घेतली. सेकंडहँड, सहा इंची आरशाची. पृथ्वी फिरते तसं तिला हळूहळू फिरवणारी मोटर खाली, आणि मागं जुना कॅमेरा. सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. हिंदी, इंग्रजी, एक तर कुठल्या भाषेतला होता देव जाणे – बघा, जिभेवर येतंच! – पण त्याचा हात दिसत होता, त्यावरून शिकले. तेजोमेघांचे फोटो काढायचे हे एकच वेड. नेब्युला म्हणतात ते. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो, पण एकेक मिनिटाच्या पन्नास फ्रेम घेऊन कॉम्प्युटरवर एकावर एक रचल्या की त्यातून गुलाबी, जांभळा पिसारा उमलतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

पुण्याच्या आकाशवेड्यांचा एक ग्रुप आहे, त्यात मी आहे. सगळे इंजिनियर आणि मी. सहा वर्षं माझी एकच इच्छा होती – ग्रुपच्या प्रदर्शनात माझा एक फोटो मोठा छापून लागावा आणि खाली माझं नाव असावं. बास. पण आमच्या गच्चीवरून पिंपरी-चिंचवडचा उजेड येतो, एक्सप्रेसवेचा येतो, आणि आता शेजारच्या फार्महाऊसवाल्यानं क्रिकेटच्या मैदानाला लावतात तसला दिवा लावलाय. माझ्या प्रत्येक फोटोत डाव्या हाताचा खालचा कोपरा नारिंगी, गढूळ. दरवर्षी नापास.

आता झाकण. दुर्बिणीचं मूळ झाकण पहिल्याच वर्षी फुटलं. मग मी घरातले सगळे डबे लावून बघितले. वहिनीच्या पापडाच्या डब्याचं झाकण असं काही बसलं की ज्याचं नाव ते! स्टीलचं, जाड, आतून काळं फ्लॅनेल चिकटवलेलं. पापडाच्या डब्याला तेव्हापासून ताटली. हे झाकण धूळ अडवायला तर लागतंच, पण फोटोलाही लागतं. कॅमेरा तापला की स्वतःच फोटोवर ठिपके पाडतो. ते वजा करता यावेत म्हणून शेवटी झाकण लावून पंधरा-वीस काळ्याकुट्ट फ्रेम घ्यायच्या. त्यांना डार्क म्हणतात.

तर ती संध्याकाळ. फेब्रुवारी. मृग नक्षत्र अंधार पडता पडताच वर आलेलं. इंग्रजीत त्याला शिकारी म्हणतात; त्या शिकाऱ्याच्या तलवारीत जो तेजोमेघ आहे, तोच मला हवा होता. साडेसातला दुर्बीण त्याच्यावर नेली, फोकस नीट केला, फोकसच्या नळीला चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्याच्या कार्डावरचं जुनं सगळं पुसून टाकलं होतं. बटण दाबणार, तेवढ्यात कुणीतरी बांधावरचा पाचोळा पेटवला आणि धुराचा लोट सरळ गच्चीवर! आरशावर काजळी नको म्हणून मी पटकन झाकण लावलं. दहा मिनिटांत धूर गेला. खाली कुकरच्या चार शिट्ट्या झालेल्या, भाकऱ्या व्हायच्या होत्या. मी घाईघाईत कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पन्नास फ्रेम, एकेक मिनिटाच्या, त्या आपोआप होतात. आणि गेले खाली.

झाकण काढायचं विसरले.

हे मी स्वतः सांगतेय हे लक्षात घ्या. चूक माझी. या छंदातली सगळ्यात बावळट चूक, आणि ती प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते.

मी जिना उतरत होते तेव्हा वहिनी पावट्याच्या शेंगा सोलायला घेऊन वर चालली होती. तास होत आला तशी मी वर गेले. आता झाकण लावायचं, डार्क घ्यायच्या आणि जेवायला बसायचं. बघते तर दुर्बिणीच्या तोंडावर गुलाबी टॉवेल!

"वहिनी! हे काय केलंत?"

"दव पडतंय न्हवं. पापडावर न्हाई का आपण टाकत, तसा टाकला."

"अहो, पण आत उजेड कसा जाणार?"

"म्हंजी? टोपडं तर तुमीच घातल्यालं. म्या फकस्त वरनं टॉवेल टाकला."

टॉवेल उचलला. खाली झाकण, गच्च बसलेलं. मी डोक्याला हात लावला.

"कधी टाकलात टॉवेल?"

"तुमी खाली उतरलात की लगीच. हितंच बसलीया तवापास्नं." मग माझं तोंड बघून तिलाच हसू फुटलं. "मंग वन्सं, तासभर कशाचा फोटू काढला म्हणायचा?"

"झाकणाचा!"

दोघी इतक्या हसलो की शेंगांचं ताट कलंडलं. म्हटलं जाऊ दे, डार्क तरी झाल्या पन्नास. उद्या फोटो काढू.

जेवल्यावर कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नुसतं डार्क नीट आल्यात का बघायला. पहिली फ्रेम उघडली...

तेजोमेघ.

माझ्या छातीत धस्स झालं वगैरे लिहायची इथं पद्धत आहे. तसं काही झालं नाही. मला आधी राग आला. वाटलं, चुकीचं फोल्डर उघडलं. तारीख बघितली – आजची. वेळ – सात बावन्न. दुसरी फ्रेम, तिसरी, दहावी, पन्नासावी. सगळीकडे तो, जागच्या जागी, मध्ये चार तारे टाचणीनं टोचावेत तसे. वहिनी मागं उभी होती, हात पुसत. म्हणाली, "आलं की ह्ये!" तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या मते फोटो काढला की येतो.

आणि मग माझी नजर डाव्या खालच्या कोपऱ्यावर गेली. सहा वर्षं ज्या कोपऱ्यानं मला रडवलं तो कोपरा... काळा. स्वच्छ काळा. पिंपरी नाही, एक्सप्रेसवे नाही, फार्महाऊसचा दिवा नाही. असलं आभाळ मी ओढ्याकाठच्या चिंचेखालून बघितलं होतं, फ्रॉक घालायच्या वयात. म्हणजे झाकणानं माणसांचा सगळा उजेड अडवला, आणि तेवढा एक सोडला. तेव्हा मात्र हातावर काटा आला. खोटं कशाला बोलू.

तशीच वर गेले. तेच झाकण, तोच टॉवेल, दहा फ्रेम घेतल्या. काळ्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तशाच पन्नास. काळ्या. वहिनीला पावटा देऊन त्याच जागी बसवलं. काळ्या. ("रोज पावट्याची उसळ व्हय?" असं जेवताना ऐकून घेतलं ते वेगळंच.) नुसतं झाकण, नुसता टॉवेल, सगळं करून बघितलं. झाकण उघडं ठेवलं की तेजोमेघ येतो, पण नारिंगी कोपऱ्यासकट. बारा संध्याकाळी घालवल्या. ती एक सोडून सगळ्या आपल्या नियमानं वागल्या.

मी फोटो आकाशवेड्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली जे घडलं ते लिहिलं – दुर्बिणीवर झाकण आणि टॉवेल होता, कारण माहीत नाही. दुसऱ्याच दिवशी समीरचा फोन. समीर म्हणजे ग्रुप चालवतो तो, हुशार मुलगा, मला मावशी म्हणतो.

"मावशी, कमाल! तळेगावच्या हॉलमधल्या प्रदर्शनात पहिल्या भिंतीवर, मधोमध लावतोय. नाव मोठ्या अक्षरात. फक्त ती खालची गंमत काढू या हं."

"कसली गंमत?"

"ती... झाकणाची."

"ती गंमत नाही रे."

"भेटून बोलू," म्हणाला. मग तो रविवारी स्वतःच आला. चांगला तीन तास होता. झाकण टॉर्चसमोर धरून छिद्र शोधलं, सापडलं नाही. नळीच्या मागनं उजेड शिरतो का बघितलं. माझ्या पन्नास फ्रेम स्वतःच्या लॅपटॉपवर उघडल्या. संध्याकाळी झाकण लावून स्वतःच्या हातानं फ्रेम घेतल्या. काळ्या.

"मागनं उजेड शिरला असेल," तो म्हणाला.

"मग धुकं दिसेल. तेजोमेघ कसा दिसेल, तोही फोकसमध्ये?"

"आधीच्या फोटोचं काहीतरी सेन्सरवर उरलं असेल."

"मग माझा नारिंगी कोपरापण उरायला हवा की."

शेवटी हळूच म्हणाला, "मावशी, राग मानू नका. वयानुसार विसर पडतो, झाकण तेव्हा लावलेलंच नसेल. माझी आईसुद्धा गॅस बंद केला की नाही विसरते."

"तुझी आई विसरली तर दूध उतू जातं ना? तसं उतू गेलेलं दूध, म्हणजे तो नारिंगी कोपरा, दाखव मला. मी आत्ता लिहून देते की चुकले."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. "व्हय रं बाबा, आणि मी बी इसरली का? माजा टॉवेल बी इसरला?"

समीर ओशाळला. पण त्यानं आपलं म्हणणं सोडलं नाही, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ होतं असंही नाही. "प्रदर्शनाला शाळा येणार, मावशी. उद्या हेच 'चमत्कार, चमत्कार' म्हणून फिरवतील. आपण अंधश्रद्धेच्या विरोधातली माणसं ना?"

"मग खोटं लिहायचं?"

"खोटं कुठं सांगतोय? फक्त लिहायचं नाही."

तेवढं पिवळ्याचं हिरवं करा की... साहेबांचा आवाज जसाच्या तसा कानात आला हो. मी म्हटलं, "फोटो लागेल तर त्या ओळीसकट. नाहीतर नको." त्यानं चपलेत पाय घातले. मग म्हणाला, "नाही जमणार, मावशी."

आता दुसरी बाजू ऐका. वहिनीच्या पोटात काही राहत नाही. आठवड्यात वाडीभर झालं. पुढच्या आळीतली हिराबाई आली, हातात नारळ, हळदीकुंकवाची कोयरी. माझ्या दुर्बिणीला कुंकू लावणार! मी आडवी आले.

"हिराबाई, हे यंत्र आहे. कुकर असतो ना, तसं."

"आसंल गं माय. पर झाकल्यालं बी दिसतं म्हणं त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमचं म्हातारं दिसंल का त्यात? लय न्हाई, एकडाव. मोटारीची किल्ली कुटं ठिवली त्येवढंच इचारायचंय. वरीस झालं, तार जोडून पंप चालवतीया."

मला हसू आलं आणि तिचे डोळे बघून गेलंही. हो म्हणणं किती सोपं होतं! मृगातला एखादा तारा दाखवून, हे बघा तुमचे मालक, म्हटलं असतं तर ती बाई शांत झोपली असती. आणि महिन्याभरात गच्चीवर रांग लागली असती, हेही खरंच. अंधार पडल्यावर मी तिला गच्चीवर खुर्चीत बसवलं, कॅमेरा काढून बघायचं भिंग लावलं, झाकण काढलं आणि तेजोमेघ दाखवला. तिनं खूप वेळ डोळा लावून बघितलं.

"ह्ये कोण न्हाई," ती म्हणाली. "ही नुसती धग हाय. चुलीवर राख धरल्यावर आत आसती तशी."

"बरोबर. तेच आहे."

नारळ तिनं परत नेला. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी घेऊन आली. किल्ली अजून सापडलेली नाही.

प्रदर्शनाला मी गेले. का नाही जाणार? पहिल्या भिंतीवर मधोमध कुणाचा तरी चंद्र होता, छान होता. शाळेच्या मुली समोर उभ्या राहून नावं वाचत होत्या. त्या जागेवर माझं नाव असतं... वाईट वाटलं. घरी येईपर्यंत पदराला डोळे पुसत आले. पण एकदाही असं वाटलं नाही की ती ओळ काढायला हवी होती.

फोटो मी तळेगावातच छापून घेतला, हवा तेवढा मोठा, आणि आमच्या ओसरीवर लावला. शेजारी त्या बारा संध्याकाळींमधल्या काळ्या फ्रेमचा एक छापही लावलाय, त्याच मापाचा. बघणाऱ्यानं दोन्ही बघावेत. कारखान्यातून निघताना आठवण म्हणून लेबलांचा एक गठ्ठा आणला होता. त्यातलं पिवळं काढून दोऱ्यानं फ्रेमला बांधलं. इन्स्पेक्टरच्या जागी मी सही केली. दुसऱ्या सहीसाठी समीरला विचारलं. तो म्हणाला, बघतो. अजून बघतोच आहे.

महिनाभर ती जागा रिकामी होती. एक दिवस वहिनी हातातलं काम टाकून आली.

"वन्सं, त्या कागदावर सही कुनाची लागती?"

"ज्यानं स्वतः बघितलं त्याची."

"मंग आना की पेन. टॉवेल कुनी टाकला व्हता?"

वहिनी चाळिशीत प्रौढांच्या वर्गात सही शिकली. एकेक अक्षर पाय टेकवत टेकवत चालल्यासारखं काढते. लेबलच्या त्या इवल्या जागेत मावलं नाही, शेवटचं अक्षर बाहेर फोटोच्या काळ्या कोपऱ्यात गेलं. त्याच कोपऱ्यात, जिथं नारिंगी असायला हवं होतं. मी पुसलं नाही.

तर असं आहे. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. चमत्कार म्हणणाऱ्यांनी इथं खाली चमत्कार लिहू नये, आणि म्हातारीला भास झाला म्हणणाऱ्यांनी भास लिहू नये. दोघांनाही विषय संपवायची घाई आहे. मला नाही. लेबलावर 'कारण' या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही. पेन तिथंच दोऱ्याला बांधून ठेवलंय. ज्याला ठाऊक असेल त्यानं शिरगावच्या अलीकडे यावं, माझ्यासमोर झाकण लावून करून दाखवावं आणि खुशाल लिहावं.

पावटा सोलायला लागेल, एवढं लक्षात ठेवा.